नवरा सहा वर्षं सापडत नाही, घटस्फोटाची सुरुवात कुठून करू?

विक्रोळीची:
नमस्कार. मी कन्नमवार नगरात आईकडे राहते. मुलगा अकरा वर्षांचा आहे. परळच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, पहाटे साडेपाचला घर सोडते. त्यामुळे हे रात्री उशिरा लिहितेय, काही मागेपुढे झालं असेल तर सांभाळून घ्या.

लग्न २०११ चं, परळच्या एका हॉलमध्ये झालं. भांडुपला कोकण नगरात भाड्याच्या खोलीत राहायचो. २०१९ च्या गणपतीला आम्ही तिघं गावी गेलो, संगमेश्वर तालुक्यात. पाच दिवसांचा गणपती गेला आणि मिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मुंबईला निघाले, कामावर हजर व्हायचंय म्हणाले. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून मी दोन दिवस मागे राहिले. परत आले तर खोलीला कुलूप. चावी शेजारच्या काकूंकडे. त्या म्हणाल्या, परवा दुपारी आला होता, चावी दिली आणि एवढंच बोलला, "तिला सांगा, गॅस खालून बंद केलाय." आत बघितलं तर कपडे जागच्या जागी होते, पण कपाटावरची हिरवी फाईल नव्हती. त्यात त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासबुक सगळं होतं.

ऑफिसातली भिशी तेच चालवायचे. ती बुडाली होती, हे मला नंतर दारावर माणसं येऊ लागली तेव्हा कळलं. दोन महिने लोक येत होते.

पोलिसांत मी गेले नाही. सासूबाईंनी हात धरून सांगितलं, भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, येईल तो. मीही तेच धरून बसले. २०२१ च्या शिमग्याला सासूबाईंना कुठल्यातरी नंबरवरून फोन आला. "बरा आहे, पोराला सांभाळा," म्हणाले आणि कट. नंबर कुणी लिहून ठेवला नाही. त्यांचा जुना व्हॉट्सअ‍ॅप नंबर माझ्याकडे अजून आहे. मी मुलाचे फोटो टाकत राहिले, एकच राखाडी टीक येते. मोठे दीर नालासोपाऱ्याला असतात. ते म्हणतात, आम्हाला काही माहीत नाही.

मला आता हे कागदावर संपवायचंय. दुसरं लग्न डोक्यात नाही. पण मुलाच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या सहीची जागा येते, आणि 'विवाहित'वर खूण करताना माझा हात थांबतो.

तीन लोकांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतात, सात वर्षं पुरी होऊ देत, म्हणजे २०२६ चे गणपती. आमच्या गावकीतले एक जाणते म्हणतात, सासरच्यांच्या सहीने पाचशेच्या स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी करून नोटरी करून घे. आणि ज्या वकिलांकडे गेले ते म्हणाले, भांडुपचा जुना पत्ता टाकू, पेपरात नोटीस देऊ, एकतर्फी होऊन जाईल. सासरचा आणि दिरांचा पत्ता अर्जात घालूच नका, उगाच अडथळा येईल. हे तिसरं मला सोपं वाटलं, पण त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

काळाचौकी:
मी गेलेय. तुला 'तू' म्हणते, मी पन्नाशीची आहे.

माझा नवरा २०१७ च्या जानेवारीत गेला. मी अर्ज केला २०२१ मध्ये, हुकूम मिळाला २०२३ मध्ये. पहिली चार वर्षं मी तुझ्यासारखीच सात वर्षं मोजत बसले होते. कुणीतरी जिन्यात सांगितलं आणि मी खरं मानलं. ती चार वर्षं मला कुणी परत देणार नाही, म्हणून तुला कळकळीने सांगते, थांबू नकोस.

आणि तुझी झोप बरोबर उडालीय. पत्ता लपवू नकोस.

माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी वही काढायला लावली. म्हणाल्या, नवरा सापडला नाही तरी चालेल, पण तू शोधलास हे कोर्टाला दिसलं पाहिजे, आणि दिसतं ते कागदावर. मग मी बसून पाठ केल्यासारखं लिहिलं: त्याचा भाऊ, बहीण, पूर्वीची कंपनी, तो ज्यांच्या दुकानावर बसायचा ते शेठ, गावच्या घराचा पत्ता. प्रत्येकाला रजिस्टर एडीने पत्र, चार ओळींचं: अमुक इसम कुठे आहे हे ठाऊक असल्यास कळवावे. दोघांची उत्तरं आली, माहीत नाही म्हणून. तीन पाकिटं तशीच परत आली, पोस्टमनच्या शेऱ्यासह. ती पाकिटं उघडायची नाहीत, हे लक्षात ठेव. बंद, शिक्क्यानिशी, तशीच कोर्टात द्यायची. मी एक उघडलं होतं, वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

मिसिंगची तक्रार मीही उशिराच दिली. चौकीत आधी 'एवढ्या वर्षांनी?' असं झालंच. मी म्हटलं, लाजेने आले नाही, आता आलेय, लिहून घ्या. घेतली. तिची नक्कल पुढे फार उपयोगी पडली.

अर्ज बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात केला, कुर्ला संकुलात आहे ते. बाईने घटस्फोट मागितला तर महाराष्ट्रात कोर्ट फी लागत नाही, हे मला तिथल्या खिडकीवर कळलं. वकिलांची फी आणि पेपरातल्या जाहिरातीचे पैसे मात्र आपले. जाहिरातीला माझे साडेतीन हजार गेले.

समन्स चिकटवायला बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणारे कर्मचारी, आले तेव्हा घर दाखवायला मीच बरोबर गेले. आमची जुनी खोली, तिसरा मजला. दुसरं कुटुंब राहत होतं. दाराच्या चौकटीवर मी लावलेली लक्ष्मीच्या पावलांची स्टिकरं अजून तशीच होती, कडा काळ्या पडलेल्या. बेलिफनी त्यांच्या वरच कागद डकवला, त्याचं नाव मोठ्या अक्षरात. शेजारीपाजारी बाहेर आले. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा पटलं की तो गेला. तोवर मी रोज रात्री एक पोळी जास्त लाटत होते.

मग पेपर. कोर्टाने सांगितलेल्या मजकुरासकट जाहीर समन्स छापून आलं. कात्रण चालत नाही, अख्खा अंक द्यावा लागतो, दोन-तीन जादा घेऊन ठेव. तारखेला पुकारा झाला, तीनदा नाव घेतलं, कुणी नाही. पुढे प्रकरण एकतर्फी चाललं. एकतर्फी म्हणजे आपोआप नव्हे हं. मला शपथेवर सगळं सांगावं लागलं, आणि न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं, नेमकं काय झालं, तुम्ही कुठे कुठे गेलात. मी वही उघडून तारखा सांगितल्या. माझ्या बाजूने धाकटी नणंद साक्षीला आली. सासरचीच माणूस! तिच्याशी मी कधी भांडले नव्हते, त्याचं फळ मिळालं.

तू सासूबाईंशी अजून बोलतेस असं वाटतंय लिहिण्यावरून. ते तोडू नकोस.

निवृत्त बेलिफ:
समन्स चिकटवण्याबद्दल एकदोन गोष्टी सांगतो. एकोणतीस वर्षं हेच केलं, गिरगावापासून मुलुंडपर्यंत.

ताई, दारावर कागद लावला म्हणजे काम झालं असं नसतं. आमच्या अहवालात लिहावं लागतं की घर कुणी दाखवलं, त्याचं नाव पत्ता काय, कुणाच्या समक्ष चिकटवलं, आत कोण होतं, त्यांनी काय सांगितलं. अहवाल कोरा असला तर साहेब दुसऱ्यांदा पाठवतात आणि तुमची तारीख पुढे जाते. म्हणून समन्स पोचवण्याचा भत्ता कोर्टात भरला की बेलिफला गाठा, कधी येणार विचारा आणि घर दाखवायला स्वतः जा किंवा ते घर ओळखणारा माणूस पाठवा. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. खोल्यांचे नंबर बदलतात, एकाच चाळीत दोन 'अ' असतात. कित्येकदा मी पत्ता शोधत गेलो तर तिथे पत्रे ठोकलेले, चाळ पाडलेली, लोक संक्रमण शिबिरात. तेव्हा तसंच लिहून आणायचं: इमारत अस्तित्वात नाही. तोही पुरावाच आहे, त्याच्या जोरावर पुढे पेपरातल्या समन्सचा अर्ज करता येतो. भांडुपची खोली उभी आहे का, आधी बघून या.

आणि ज्या शेजारीणकाकूंना चावी दिली त्यांना जपा. मी साक्षीदार पुष्कळ बघितले. 'त्याचं वागणं बरं नव्हतं' असं सांगणारे शंभर मिळतात. 'गॅस खालून बंद केलाय' असं सांगणारा एखादाच असतो.

ठाण्याची वकील:
बेलिफकाकांनी नेमकं बोट ठेवलं आहे. त्यावरूनच सुरू करते.

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ मध्ये तुमच्या उपयोगाची दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. एक, सात वर्षं किंवा अधिक काळ ती व्यक्ती जिवंत असल्याचं, ज्यांना साहजिकपणे कळायला हवं त्यांच्या कानावर आलेलं नाही. दुसरं, परित्याग: अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं सोडून जाणं, कारणाशिवाय आणि तुमच्या संमतीशिवाय.

तुमच्या बाबतीत सात वर्षांचा हिशेब २०१९ पासून लागत नाही. २०२१ च्या शिमग्याला आईला फोन आला. आई म्हणजे ज्यांना कळायला हवं त्यातली पहिली. म्हणजे तिथून मोजलं तर २०२८. आणि तो फोन लपवून २०१९ पासून मोजणं म्हणजे शपथेवर खोटं बोलणं. ते करू नका. करायची गरजही नाही, कारण परित्यागाची दोन वर्षं केव्हाच उलटली आहेत. उलट तो फोन तुमच्या बाजूचा आहे. माणूस जिवंत होता, फोन करू शकत होता, तरी बायकोला केला नाही आणि परतला नाही.

परित्यागात नुसतं दूर राहणं पुरत नाही, संसार कायमचा सोडायचा इरादा दाखवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती या खटल्यात हे नीट उलगडून सांगितलं आहे. खटला मुंबई इलाख्यातलाच होता आणि तिथे परित्यागाचा इरादा सिद्ध झाला नाही म्हणून घटस्फोट नाकारला गेला. म्हणून म्हणते, हिरवी फाईल आणि गॅसचा निरोप हे तुमच्या प्रकरणाचं काळीज आहे. अपघात झालेला माणूस दाखला आणि पासबुक उचलून, चावी शेजारी देऊन जात नाही. काकूंचं प्रतिज्ञापत्र आत्ताच तयार करा, वय झालं असेल तर लवकर.

कोर्ट कुठलं? पत्नी स्वतः जिथे राहते तिथे अर्ज करू शकते, ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. विक्रोळी असल्याने बांद्राच.

आता पत्ता लपवण्याबद्दल. माझ्याच व्यवसायातल्या कुणी तो सल्ला दिला याचं वाईट वाटलं. समन्स हाती देता येत नाही असं कोर्टाला पटलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० खाली पर्यायी बजावणी होते: कोर्टाच्या आवारात आणि शेवटच्या ज्ञात घरावर प्रत लावणं, किंवा तो शेवटचा जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात. ती कायदेशीर बजावणीच आहे. पण एकतर्फी हुकूम रद्द करून मागायची मुदत ३० दिवस आहे, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ खालचं स्पष्टीकरण सांगतं की या ३० दिवसांपुरती पर्यायी बजावणी रीतसर बजावणी धरायची नाही. म्हणजे तो पाच वर्षांनी उगवला तर त्याला हुकूम कळला त्या दिवसापासून ३० दिवस मोजले जातील. त्या वेळी कोर्ट बघेल की तुम्ही जाणीवपूर्वक पत्ते दडवले का. सगळे पत्ते दिले असतील, दिरांच्या घरी समन्स गेलेलं असेल, सासूबाईंना कळलेलं असेल, तर त्याला 'मला माहीतच नव्हतं' म्हणणं जड जाईल. दडवले असतील तर तुमचा हुकूम पत्त्यांच्या बंगल्यासारखा. भांडुप, गाव, नालासोपारा, शेवटचं ऑफिस, जुना मोबाइल नंबर, सगळं घाला. व्हॉट्सअ‍ॅपवरही प्रत पाठवायची परवानगी मागा. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेली आणि उघडलेली नोटीस ग्राह्य धरली होती. तुमच्याकडे एकच टीक येते, त्याने बजावणी सिद्ध होणार नाही, पण प्रयत्न नोंदला जाईल. जुन्या फोटोंचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. सहा वर्षं तुम्ही दार उघडं ठेवलं होतं, हे त्यातून दिसतं.

कलम २३ प्रमाणे समोरचा आला किंवा न आला, कोर्टाची खात्री पटावीच लागते. काळाचौकीच्या ताईंना न्यायाधीशांनी प्रश्न विचारले ते म्हणूनच.

स्टँप पेपरची सोडचिठ्ठी विसरा. नोटरी घटस्फोट देऊ शकत नाही, आणि सासरच्यांना तुमचं लग्न मोडायचा अधिकार नाही. जातीच्या रूढीने होणारी काडीमोड कायद्याने राखून ठेवली आहे खरी, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि इथे तर नवराच नाही. त्या कागदाच्या भरवशावर बाईने दुसरं लग्न केलं तर गुन्हा तिच्यावर येतो.

मुलाचा कायम ताबा याच अर्जात मागा. पुष्कळ जणी विसरतात आणि पासपोर्टच्या वेळी पुन्हा कोर्टाची पायरी चढतात. हुकूमानंतर अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या, मग सही-शिक्क्याच्या तीन-चार नकला घेऊन ठेवा.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन केला तरी दिशा मिळेल.

कुर्ल्याहून:
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या खालेच्या मुलीचं असंच आहे, निकाह रत्नागिरीला झालेला. तिलाही हेच लागू का?

ठाण्याची वकील:
नाही, तिच्यासाठी १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे आणि तो इथे जास्त मोकळा आहे. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर ती हुकूम मागू शकते. तो हुकूम सहा महिन्यांनी अंमलात येतो, आणि तेवढ्यात नवरा येऊन नांदवायला तयार असल्याचं कोर्टाला पटवू शकला तर रद्द होतो. नवरा आज वारला असता तर जे वारस ठरले असते त्यांची नावं पत्ते अर्जात द्यावे लागतात, त्यांना नोटीस जाते. दोन वर्षं खर्च दिला नसेल तर ते वेगळं कारण आहे, तेही बरोबर जोडा.

विक्रोळीची:
सगळ्यांचे आभार. रविवारी सुट्टी होती, भांडुपला जाऊन आले. खोली आहे. काकू थकल्यात, कानाला कमी ऐकू येतं, पण मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, गॅसचं अजून आठवतं गं मला, माझा हात पिठाचा होता म्हणून चावी त्याने फ्रिजवर ठेवली. हे मला सहा वर्षांत ठाऊक नव्हतं. तिथेच बसून वहीत लिहिलं. सही करायला येईन म्हणाल्या, रिक्षाने ने फक्त.

मग सासूबाईंना फोन केला. सांगितलं की अर्ज करतेय, तुमच्या घरच्या पत्त्यावर कोर्टाचा कागद येईल, दिरांकडेही येईल. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कागद आला की मी कुणाला फाडू देणार नाही. पोराला मे महिन्यात पाठवशील ना?

पाठवेन म्हटलं.

मिसिंगची तक्रार उद्या दुपारी कामावरून येताना देणार आहे. त्या वकिलांना नाही म्हणून कळवलं. ठाण्याच्या ताई, एकच विचारायचं राहिलं: फोन आला तो दिवस सासूबाईंना आठवतो, होळीच्या दुसऱ्या दिवशीचा, पण नंबर नाही. त्यांचं गावच्या तलाठ्यासमोर लिहून घेतलेलं चालेल, की त्यांना मुंबईला यावं लागेल? गुडघे दुखतात त्यांचे.

ठाण्याची वकील:
तलाठ्यासमोरचं नको. संगमेश्वर किंवा देवरूखला नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून पाठवायला सांगा, अर्जासोबत लावू. कोर्टाला त्यांना ऐकायचंच असेल तर व्हिडिओवरून साक्ष घ्यायची विनंती करता येते, वय आणि गुडघ्याचं कारण देऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठी आत्ताच घेऊन ठेवा.